प्रा. मधु दंडवते आणि राजापूर मतदारसंघ: स्मरणिकेत नेमके काय लिहावे?

नायगावकर

सप्रेम नमस्कार. आमच्या गावाचे मुंबईतील मंडळ पुढील वर्षी पन्नास वर्षांचे होत आहे आणि त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेचे संपादन माझ्याकडे आले आहे. गाव तळकोकणात आहे, पण मंडळाची पहिली बैठक नायगावच्या बी.डी.डी. चाळीतल्या गावकीच्या खोलीत झाली होती. त्या बैठकीचे हाताने लिहिलेले इतिवृत्त आम्ही अजून जपून ठेवले आहे.

स्मरणिकेत एक लेख प्रा. मधु दंडवते यांच्यावर असावा, असा ज्येष्ठ सभासदांचा आग्रह आहे. १९७१ ते १९९१ अशी वीस वर्षे ते राजापूर मतदारसंघाचे खासदार होते आणि आमचे गाव त्याच मतदारसंघात येत असे. मी लेखाचा मसुदा केला आणि त्याचे पहिले वाक्य लिहिले, ‘कोकण रेल्वे दंडवतेसाहेबांनी आणली.’ गेल्या बैठकीत तो वाचून दाखवल्यावर एका पंचविशीतल्या सभासदाने दोन शंका विचारल्या. पहिली अशी, की ते मुळात कोकणातले नव्हते, तर ‘आपल्या जिल्ह्याची सेवा’ हा शब्दप्रयोग त्यांच्याबाबतीत कसा वापरायचा? दुसरी अधिक अडचणीची होती. ते रेल्वेमंत्री झाले १९७७ मध्ये आणि कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला तो १९९८ मध्ये. मधल्या वीस वर्षांत अनेक सरकारे आली आणि गेली, तर मग ‘आणली’ हे क्रियापद त्यांच्या नावापुढे कसे लावता?

ज्येष्ठ मंडळी रागावली; ‘तुझा तेव्हा जन्मही झाला नव्हता’ असे त्याला सांगण्यात आले. मला ते पटले नाही. त्याने अनादर केला नव्हता, हिशेब विचारला होता, आणि जे छापले जाईल ते पुढची पन्नास वर्षे खरे मानले जाईल, याची जबाबदारी संपादक म्हणून माझ्यावर आहे. म्हणून जाणकारांना विनंती आहे की दंडवते यांची पूर्वपीठिका, त्यांचे मतदारसंघासाठीचे काम आणि कोकण रेल्वेतील त्यांचा नेमका वाटा यांविषयी जे खात्रीने सांगता येईल ते येथे लिहावे.

ग्रंथप्रेमी, दादर

आपल्या तरुण सभासदाची पहिली शंका वस्तुस्थितीला धरून आहे. दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी तेव्हाच्या अहमदनगरमध्ये झाला. त्यांचे पदव्युत्तर शिक्षण मुंबईत झाले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये स्थापन केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवीत होते. म्हणजे ते जन्माने नगरचे, कर्माने मुंबईचे आणि विचाराने समाजवादी होते. १९४२ च्या आंदोलनात ते होते, १९५५ च्या गोवा सत्याग्रहातही होते. १९७०-७१ मध्ये ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सदस्य होते.

राजापूरशी त्यांचा संबंध कसा जुळला, हे समजण्यासाठी आधी बॅ. नाथ पै यांच्याकडे जावे लागते. नाथ पै वेंगुर्ल्याचे होते. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूरने त्यांना लोकसभेत पाठवले आणि जानेवारी १९७१ मध्ये, पन्नाशीही गाठलेली नसताना, त्यांचे बेळगावात निधन झाले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत लोकसभेची निवडणूक आली आणि प्रजा समाजवादी पक्षातर्फे दंडवते उभे राहिले. ती निवडणूक इंदिरा गांधींच्या लाटेची होती. त्या पक्षाचे देशभरातून अवघे २ खासदार निवडून आले आणि त्यांतले एक राजापूरचे होते.

हा तपशील मी मुद्दाम देत आहे. पुढे १९८४ मध्येही असेच घडले. त्या वर्षी जनता पक्षाला संपूर्ण देशात जेमतेम १० जागा मिळाल्या आणि त्यांतही राजापूर होते. बाहेरून आलेल्या एखाद्या उमेदवाराला लोक सहानुभूतीपोटी एकदा निवडून देतात. परंतु लागोपाठ पाच वेळा, आणि तेही त्यांतल्या दोन वेळा देशभरातल्या लाटेच्या विरुद्ध जाऊन, ते उगाच निवडून देत नाहीत. तेव्हा ‘आपला जिल्हा’ हा शब्द जन्मदाखल्यावरून ठरवायचा की मतपेटीवरून, हा प्रश्न आपण त्या तरुण मित्रापुढे अवश्य ठेवावा. माझ्या मते राजापूरने त्यांना आपले मानले होते, आणि त्यावर बाहेरच्या कोणी शंका घेण्यास फारशी जागा उरत नाही.

आता कामाविषयी. आज आपण खासदाराचे काम सभामंडप, पाण्याची टाकी, वाडीतला रस्ता आणि त्यांवर लावलेल्या नावांच्या पाट्या मोजून ठरवतो. ही मोजपट्टी दंडवते यांना लावता येणार नाही, कारण खासदार स्थानिक विकास निधी ही योजनाच डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली आणि तोवर त्यांची खासदारकी संपून दोन वर्षे झाली होती. त्यांच्या हाती खर्च करण्यासाठी एक रुपयाही नव्हता. प्रश्न विचारणे, कपात सूचना मांडणे, मंत्र्यांना पत्रे लिहिणे आणि सभागृहात उभे राहून बोलणे, एवढीच त्यांची साधने होती. शिवाय वीस वर्षांपैकी ते सत्तेत होते केवळ दोनदा: मार्च १९७७ ते जुलै १९७९ आणि डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९०. एकूण काळ सव्वातीन वर्षांच्या आसपास भरतो. बाकीचा सारा काळ विरोधी बाकांवर गेला आणि आणीबाणीतला काही काळ तर बंगळुरूच्या तुरुंगात गेला. त्याच वेळी त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याला होत्या आणि दोघांचा संसार तुरुंगातून तुरुंगात जाणाऱ्या पत्रांवर चालला होता.

लोकसभेच्या कामकाजाची जुनी इतिवृत्ते आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात कोणालाही विनामूल्य वाचता येतात. स्मरणिकेसाठी आपण एक-दोन रविवार त्यांत घालवावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. कोणत्याही लोकप्रतिनिधीबद्दल गौरवपर लेखांतून जे कळते, त्याहून कितीतरी अधिक त्याने विचारलेल्या प्रश्नांतून कळते.

हिशेबनीस, ठाणे

मी रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो आहे, म्हणून दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो. ती शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर दंडवते यांचा मोठेपणा कमी करणारे नसून तो नेमका कोठे होता हे दाखवणारे आहे, असे मला वाटते.

सर्वप्रथम १९७७-७९ चा काळ. रेल्वेमंत्री झाला म्हणजे हवी तेथे रेल्वे नेता येते, हा समज चुकीचा आहे. नव्या मार्गासाठी तेव्हा आधी सर्वेक्षण लागे, मग योजना आयोगाची संमती लागे आणि त्यानंतर दर वर्षी अर्थसंकल्पात पैसा मिळावा लागे. मार्गावर घातलेल्या भांडवलावर किती परतावा मिळेल, ही कसोटी त्या काळी फार कडक होती. कोकणचा मार्ग त्या कसोटीवर सतत नापास होत असे, कारण खर्च डोंगराएवढा होता आणि उत्पन्नासाठी ना मोठे कारखाने होते ना मालवाहतूक. प्रवासी होते, पण तेही शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला. दिवा-पनवेल मार्ग १९६४ मध्ये झाला, १९६६ मध्ये तो आपट्यापर्यंत गेला आणि रोह्याला पोहोचायला १९८६ साल उजाडले. आपटा ते रोहा या छोट्याशा अंतराला वीस वर्षे लागली, यावरून त्या पद्धतीने सावंतवाडी गाठायला किती पिढ्या लागल्या असत्या याचा अंदाज करावा. दर वर्षी थोडीशी तरतूद करून तोंडाला पाने पुसायची, ही रीत कोणत्याही एका पक्षाची नव्हती. ती व्यवस्थेचीच रीत होती.

रेल्वेमंत्री म्हणून दंडवते यांनी केलेली कामे वेगळी आहेत आणि ती देशभरच्या सामान्य प्रवाशासाठी आहेत. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम बसवण्याचा निर्णय त्यांचा. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा मार्गावर गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तीत वर्गभेद नव्हता. १९७४ च्या संपात कामावरून काढलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांना त्यांनी परत घेतले. आमच्या खात्यातल्या काही घरांत त्या दिवशी पुन्हा चूल पेटली, हे मी स्वतः पाहिलेले आहे. परंतु यांतले काहीही राजापूरसाठी वेगळे काढून केलेले नव्हते, आणि आपण लेखात तसे भासवू नये.

आता १९९०. येथे खरी गोष्ट सुरू होते. वि. प्र. सिंह यांच्या मंत्रिमंडळात दंडवते अर्थमंत्री होते. रेल्वेमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, ज्यांचा जन्म मंगळूरचा आणि राजकारण मुंबईच्या कामगारवस्तीत घडलेले. योजना आयोगाचे उपाध्यक्ष होते रामकृष्ण हेगडे, जे उत्तर कन्नड जिल्ह्यातले. म्हणजे नव्या मार्गाच्या आड येणाऱ्या तिन्ही दारांच्या किल्ल्या एकाच वेळी अशा तिघांच्या हाती आल्या, ज्यांना या किनाऱ्याची ओढ होती. सर्वेक्षणाचा अहवाल १९८८ मध्येच तयार झालेला होता. त्यांनी केले ते असे, की हा मार्ग दर वर्षीच्या अर्थसंकल्पाच्या रांगेतून बाहेर काढला आणि त्यासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. उरलेला मोठा पैसा रोख्यांच्या मार्गाने बाजारातून उभारायचा. अशा रचनेला अर्थखात्याची मनापासून साथ नसेल तर ती कागदावरच राहते, हे मी लेखा विभागातल्या उभ्या आयुष्याच्या अनुभवाने सांगतो. दंडवते यांचा वाटा शोधायचा तर तो १९७७ च्या रेल्वेमंत्र्यात न शोधता १९९० च्या अर्थमंत्र्यात शोधावा.

तारखा पाहा. महामंडळाची नोंदणी १९ जुलै १९९० रोजी झाली आणि पायाभरणी १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्याला झाली. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ते सरकार गेले. अकरा महिन्यांचे सरकार, आणि त्यातही शेवटच्या चार महिन्यांत ही सारी जुळणी झाली. ती जुळणी नेहमीच्या पद्धतीची असती, तर पुढच्या सरकारने एका ओळीत तिची तरतूद कमी करून टाकली असती. परंतु चार राज्ये भागीदार झालेली, बाजारातून कर्ज उचललेले आणि त्याचे व्याज सुरू झालेले. असे काम अर्धवट सोडणे कोणालाही परवडणारे नव्हते. कर्जाचे व्याज सरकार बदलले म्हणून थांबत नाही. १९९१ च्या निवडणुकीत स्वतः दंडवते राजापूरमध्ये पराभूत झाले, तरीही काम चालू राहिले. लोकप्रतिनिधीने केलेले काम त्याच्या पदावर अवलंबून राहिले नाही, त्याच्या विजयावरही राहिले नाही. माझ्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

अर्थात श्रेय एकट्याचे नाही. स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षे या मार्गासाठी पाठपुरावा करणारे अभियंता अ. ब. वालावलकर यांचे नाव आपल्या लेखात यायलाच हवे. महामंडळाचे पहिले अध्यक्ष ई. श्रीधरन यांनी सुमारे ७४० किलोमीटरचा, ९० हून अधिक बोगद्यांचा आणि लहानमोठ्या सुमारे २,००० पुलांचा हा मार्ग आठ वर्षांच्या आत पूर्ण केला. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे आणि पानवलचा पूल ६४ मीटर उंचीचा आहे. बांधकामाची बहुतेक वर्षे केंद्रात ज्यांचे राज्य होते, त्यांनी पैसा अडवला नाही, याचीही नोंद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. आणि ज्या कामगारांचे प्राण या कामात गेले, त्यांना विसरून हा लेख लिहिला जाऊ नये.

लालबागची सून

वरची दोन्ही उत्तरे मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांचे वय आता ८४ आहे. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट कोणाच्याही लेखात येत नाही, म्हणून लिहिते.

आमचे सासरे परळच्या एका गिरणीत जॉबर होते आणि सासूबाई मालवण तालुक्यातल्या गावी घर, शेती आणि म्हातारी माणसे सांभाळत. त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक होती, हे जनगणनेत नोंदलेले आहे. कारण कमावते पुरुष सगळे मुंबईत. जिल्हा मनीऑर्डरवर चालायचा. त्यामुळे मतदानाच्या दिवशी शाळेपुढे रांग लागायची ती मुख्यतः बायकांची. मुंबईहून पत्र यायचे, कोणाला मत द्यायचे ते त्यात लिहिलेले असायचे, आणि सासूबाई म्हणतात की पत्र वाचून झाले की बायका आपसांत ठरवायच्या ते ठरवायच्याच. नाथ पैंचे भाषण त्यांनी ऐकले होते. दंडवते भाषणात त्यांच्याइतके रंगत नसत, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सरळ देत, असे त्या सांगतात. ‘मास्तर होता तो, समजावून सांगायचा,’ हे त्यांचे शब्द.

प्रवासाचे म्हणाल तर त्यांच्या तरुणपणी भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची. ती मालवणला धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राहायची आणि तेथून पडावात उतरून किनारा गाठावा लागायचा, कडेवर मूल आणि डोक्यावर बोचके घेऊन. पावसाळ्यात बोट बंद. नंतर एस.टी. आली, ती रात्रभर कशेडीच्या घाटातून कळा काढत जायची. १९७९ च्या पावसाळ्यात सासूबाईंचे वडील गेले तेव्हा त्या लालबागला होत्या. तार मिळाली आणि त्या गावी पोहोचल्या तेव्हा तिसऱ्या दिवसाचे विधी चालू होते. वडिलांचे तोंड पाहता आले नाही, हे त्या आजही डोळ्यांत पाणी आणून सांगतात. म्हणून कोकण रेल्वेची गोष्ट निघाली की आमच्या घरी टक्केवारी कोणी विचारत नाही. २०११ मध्ये सासरे गावी आजारी पडले, तेव्हा त्या रात्रीच्या गाडीने निघाल्या, सकाळी कुडाळला उतरल्या आणि दुपारी त्यांच्या उशाशी बसल्या.

नायगावकर, आपल्या स्मरणिकेत मतदान करणाऱ्या या बायकांबद्दल दोन ओळी अवश्य लिहा. वीस वर्षे दंडवत्यांना दिल्लीला पाठवणाऱ्या मुख्यतः त्याच होत्या.

तळकोकणी, डोंबिवली

सर्व उत्तरांचा आदर राखून एक वेगळी बाजू मांडतो. दंडवते यांच्या सचोटीबद्दल माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही. परंतु लोकप्रतिनिधीच्या कामाचे मोजमाप करताना, त्या कामाचे पुढे काय झाले हेही पाहायला हवे. गाडी आमच्या गावच्या शेतातून जाते. वडिलांची अकरा गुंठे जमीन तीत गेली आहे. परंतु केरळकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या आमच्या स्थानकावर थांबत नाहीत. गणपतीची तिकिटे खिडकी उघडल्यानंतर काही मिनिटांत संपतात आणि चाकरमान्यांना प्रतीक्षा यादीचा कागद हातात घेऊन उभ्याने जावे लागते. मार्ग अजूनही बहुतांश एकेरी आहे. रोहा ते वीर एवढ्याच टप्प्याचे दुपदरीकरण २०२१ मध्ये झाले. ज्या स्वतंत्र महामंडळाची हिशेबनीस यांनी योग्य स्तुती केली, तेच महामंडळ आता कर्जाच्या ओझ्यामुळे मोठ्या कामांना पैसा उभा करू शकत नाही आणि म्हणून ते भारतीय रेल्वेत विलीन करावे, अशी मागणी कोकणातूनच होत आहे. शिवाय रेल्वेने माणसे आणली तशी ती नेलीही. गावात रोजगार आला नाही, तर जलद गाडी ही गाव रिकामे करण्याचीही सोय ठरते. हे दंडवते यांचे अपयश आहे असे मी म्हणत नाही. पण स्मरणिकेतला लेख १९९८ च्या जानेवारीत, हारतुरे घातलेल्या इंजिनापाशी संपू नये, एवढीच विनंती आहे.

हिशेबनीस, ठाणे

तळकोकणी यांचे म्हणणे मला मान्य आहे. जी रचना मार्ग बांधण्यासाठी योग्य होती, ती तो वाढवण्यासाठी अपुरी पडते, यात विसंगती काही नाही. त्या वेळी पैसा उभा करण्याचा दुसरा मार्ग नव्हता. पण थांब्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तो १९९० च्या लोकांनी सोडवायचा नव्हता, त्यानंतर निवडून आलेल्यांनी सोडवायचा होता. दंडवते यांच्यानंतर राजापूरने, आणि २००९ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग या नव्या मतदारसंघाने, ज्यांना निवडून दिले त्या प्रत्येकाकडे हा हिशेब मागायला हवा. आपल्या तरुण सभासदाने मागितला तसाच.

नायगावकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री मी तो तरुण सभासद आणि मंडळाचे माजी अध्यक्ष या दोघांना घरी बोलावले आणि ही सर्व उत्तरे त्यांच्यासमोर वाचली. माजी अध्यक्ष दंडवत्यांच्या चार निवडणुकांत गावात भिंती रंगवणारे कार्यकर्ते होते. अर्थमंत्री असण्याचा मुद्दा ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, की आम्ही एवढी वर्षे त्यांना चुकीच्या खात्याचे श्रेय देत आलो. दोघांच्या संमतीने लेखाची सुरुवात आता अशी केली आहे:

‘१९७१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मतदारांनी, ज्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती, नगरमध्ये जन्मलेल्या आणि मुंबईत शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाला लोकसभेत पाठवले. प्रा. मधु दंडवते यांनी कोकण रेल्वे एकट्याने आणली नाही. १९९० मध्ये अर्थमंत्री असताना त्यांनी तिच्यासाठी पैसा उभा करण्याची अशी व्यवस्था उभारण्यास साथ दिली, जी त्यांचे सरकार गेल्यानंतर आणि ते स्वतः पराभूत झाल्यानंतरही टिकली. ते १२ नोव्हेंबर २००५ रोजी गेले, तेव्हा मुंबईहून सावंतवाडीला रोज गाडी जात होती.’

यानंतर श्री. वालावलकर, श्री. श्रीधरन आणि कामगार यांच्यावर एक परिच्छेद, लालबागच्या ताईंच्या सासूबाईंची आठवण त्यांच्या परवानगीने, आणि शेवटी थांबे, एकेरी मार्ग व गेलेल्या जमिनी यांवर तो तरुण सभासद स्वतः लिहिणार आहे. मजकूर येत्या रविवारी छापखान्यात द्यायचा आहे. त्याआधी कोणाला चूक आढळल्यास कृपया येथेच कळवावे.

ग्रंथप्रेमी, दादर

एक दुरुस्ती. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याआधी तो सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता. तेव्हा पहिल्या वाक्यात ‘सिंधुदुर्ग जिल्ह्यातील’ याऐवजी ‘तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील’ असे करावे. बाकी मजकूर माझ्या मते छापण्यास योग्य आहे. लालबागच्या ताईंनी परवानगी दिली असेल तर सासूबाईंचे ‘मास्तर होता तो, समजावून सांगायचा’ हे वाक्य लेखात जसेच्या तसे, त्यांच्याच शब्दांत घ्यावे; ते शुद्ध करण्याच्या भरीस पडू नये.